भावाने माणसाळवलेले रॅकून

ओर्फा टॉलिव्हर शाळेची बस चालवायची. लिक फोर्क गावातल्या निम्म्या माणसांना तिने लहानपणी शाळेत नेऊन सोडलंय आणि त्यातल्या बहुतेकांनी तिची बोलणी खाल्लीत. मागच्या बाकांवर मारामारी जुंपली की ती बस मक्याच्या शेताकडेला उभी करायची, इंजिन बंद करायची आणि आरशात बघत एवढंच म्हणायची, "मला घाई नाही." कितीही आडदांड पोरं असोत, गप्प बसायची. रागीट म्हणून तिचं नाव होतंच, पण तो राग घटकाभराचा. दुपारी त्याच पोरांना ती उतरताना खिशातून गोळ्या द्यायची. मुक्कामाला येऊन राहिलेला राग तिला आला तो बस सोडल्यावर, साठी उलटल्यावर, आणि आला तो पाठच्या भावावर, डॉयलवर.

डॉयल चुनखडीच्या खाणीत कामाला होता. पाठ गेली आणि खाणीने त्याला घरी बसवलं. बायको त्याआधीच लुईव्हिलला निघून गेली होती. बरेच दिवस तो पोर्चमधल्या खुर्चीत नुसता बसून असायचा. ओर्फा राजमा आणि मक्याचा पाव करून न्यायची, तो अर्धा खायचा. मग कोणाकडून तरी त्याने रॅकूनची, डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेल्या त्या मांजराएवढ्या रानटी जनावरांची, एक जोडी आणली, वन्यजीव खात्याचा परवाना काढला, घरामागे जाळीचे पिंजरे ठोकले. पुढच्या वसंतात पिल्लं झाली. डॉयल बाटलीने दूध पाजायला लागला, दाढी करायला लागला, शिटी वाजवायला लागला. ओर्फाला बरं वाटलं. सुरुवातीला तिने त्याला जुने टॉवेलसुद्धा नेऊन दिले होते, हे तिला पुढे फार लागलं.

कारण रॅकून काय चीज आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यांच्या बापाकडे शिकारी कुत्री होती. एकदा पाडलेल्या झाडाच्या ढोलीत एक पिल्लू सापडलं आणि बापाने ते कोटाच्या खिशात घालून घरी आणलं. त्याचं नाव ठेवलं डेप्युटी. डॉयलला आठवायचं ते एवढंच, की डेप्युटी त्याच्या खांद्यावर बसून त्याचे कान चाचपायचा. ओर्फाला आठवायचं ते त्यापुढचं. दुसऱ्या वर्षी डेप्युटीने तिचा अंगठा दातांत असा धरला की टाके घालावे लागले. मग बापाने त्याला अक्रोडाच्या झाडाला साखळीने बांधलं. तिथे तो दिवसभर गोल गोल फिरायचा. झाडाभोवतीचं गवत मरून मातीचं एक कडं तयार झालं होतं. पाण्याचं घमेलं ठेवलं की त्यात हात घालून नसलेलं काहीतरी शोधत बसायचा. एका सकाळी साखळीत अडकून मेलेला सापडला.

"तू त्याला मांजरासारखं उचलायचीस, म्हणून चावला," डॉयल म्हणायचा.

सहा-सात वर्षांत डॉयलचा धंदा वाढला. इंटरनेटवर त्याची पिल्लं दुपटी गुंडाळून झोपलेली दिसायची. ओहायोमधून, मिशिगनमधून लोक गाड्या घेऊन यायचे आणि त्याला "मिस्टर टॉलिव्हर" म्हणायचे. खाणीत त्याला कोणी कधी मिस्टर म्हटलं नव्हतं. तो लोकांना सांगायला लागला, की आपण नुसती पिल्लं विकत नाही, आपण जात घडवतोय. घरात राहणारी, कुत्र्यासारखी.

एका रविवारी ओर्फा पर्सिमन फळाचं गोड पुडिंग घेऊन गेली तर तो एका जाड्या नराला मांडीवर घेऊन बसला होता.

"बघ, ओर्फी. सहावी पिढी. नाक बघ कसं आखूड झालंय."

"नाक नाही आखूड झालं. गाल सुटलेत. मार्शमेलो कमी चार त्याला."

"तू हस. रशियात कोल्हे माणसाळवलेत लोकांनी. दर पिढीत जे गरीब त्यांचीच पैदास करायची, एवढंच. शेवटी शेपट्या हलवायला लागले. कुत्रा तरी काय होता गं आधी? लांडगाच ना?"

"आणि जे चावके निघाले, त्यांचं काय केलं त्या लोकांनी?"

"बाजूला काढले असतील."

"तू काय करतोस चावक्यांचं?"

डॉयल नराच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "लहानपणी सगळीच गरीब असतात. चावकं कोणतं ते मोठं झाल्यावर कळतं. तोवर एखाददुसरं सोडून ती माझ्याकडे नसतात."

हे त्याने इतक्या सहज सांगितलं, की ओर्फाला क्षणभर उमगलंच नाही. उमगलं तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"म्हणजे तुला माहितीच नाही! तू कसली जात घडवतोस, डॉयल? गरीब कोण, चावकं कोण, हे तुझ्या पिंजऱ्यात कळतच नाही. ते कळतं लोकांच्या पोरांच्या अंथरुणात!"

"ओरडू नकोस. घाबरतात ती."

"घाबरू देत! तुझ्या त्या रशियनांनी निदान चावके विकले तरी नाहीत."

पुडिंग तिने तसंच परत नेलं.

त्याच उन्हाळ्यात जनेल प्रुइटने डॉयलकडून एक पिल्लू घेतलं. जनेल लहानपणी ओर्फाच्या बसमध्ये दुसऱ्या बाकावर बसायची. आता ती म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहात काम करायची आणि ब्रिन नावाच्या आपल्या मुलीला एकटीने वाढवायची. ओर्फाच्या कानावर आलं तशी ती तडक त्यांच्याकडे गेली. ब्रिन कोचावर उताणी पडली होती आणि पिल्लू तिच्या पोटावर बसून काळ्या बोटांनी वाटाण्याच्या शेंगा सोलत होतं. एक दाणा स्वतःला, एक दाणा खाली. ब्रिन हसून हसून लाल झाली होती. कितीही राग असला तरी ओर्फाला ते बघत उभं राहावंसं वाटलं.

"याचं नाव बिस्किट," ब्रिन म्हणाली.

"पुढच्या वसंतापर्यंत," ओर्फा जनेलला बाजूला घेऊन म्हणाली. "तोवर हे असंच गोड राहील. मग त्याच्या अंगात वारं शिरेल. आत्ताच परत दे, मी डॉयलशी बोलते."

"मिस ओर्फा, तो म्हणाला ही जातच वेगळी आहे."

"जात नाही गं बाई, थाप आहे ती."

"तुमचं दोघांचं काही घरचं भांडण असेल तर ते मला नका सांगू," जनेल म्हणाली आणि तिने दार उघडून धरलं.

हिवाळा सरला. बिस्किटने स्वयंपाकघरातली कपाटं उघडायला शिकून घेतली, मग पीठ आणि सिरपचा चिखल केला, मग भिंतीचा पत्रा उचकटून आत थंडी अडवायला भरलेला कापूस काढला. ताटलीजवळ कोणी आलं की गुरगुरायला लागला. जनेल डॉयलला फोन करायची आणि तो सांगायचा, वयाचा परिणाम आहे, जाईल. एप्रिलमध्ये एका संध्याकाळी ब्रिनने रोजच्यासारखा पापा घ्यायला तोंड पुढे केलं आणि बिस्किटने तिचा गाल फाडला.

दवाखान्यात टाके घातले. दवाखान्याने नियमाप्रमाणे वर कळवलं. दुसऱ्या दिवशी जनेलला आरोग्य खात्याचा फोन आला: प्राणी ताब्यात द्यावा, त्याला मारून मेंदूची रेबीजसाठी तपासणी होईल.

जनेलची गाडी ओर्फाच्या दारात आली तेव्हा ओर्फा दोरीवरचे कपडे काढत होती. मागच्या सीटवर पिंजरा, शेजारी ब्रिन, अर्धं तोंड पट्टीत.

"त्याला तुमच्या कोठारात ठेवा," जनेल धापा टाकत म्हणाली. "मी सांगते तो पळाला म्हणून. तुमच्याकडे कोणी शोधणार नाही."

"आणि पोरीचं काय? त्याला काही असलं तर?"

"त्याला काही नाही! तो घराबाहेर कधी गेलाच नाही."

"तुझ्या घराचा पत्रा उचकटलाय त्याने. रात्री तिथून कोण आत येतं, कोण बाहेर जातं, तू बघत बसलीयेस?"

"कुत्रं असतं तर चार दिवस बांधून बघितलं असतं ना! याला का नाही?"

"कारण कुत्र्याचं माहितीये किती दिवसांत कळतं ते. याचं कोणालाच माहीत नाही. तो कुत्रा नाही, जनेल. हेच मी तुझ्या घरात उभी राहून सांगत होते."

"तुम्हाला जरासुद्धा दया नाही," जनेल म्हणाली. ती रडत होती.

"दया दाखवायचा दिवस तू त्याला घरी आणलास तो होता!" ओर्फा ओरडली. आणि ओरडल्यावर तिने पाहिलं की ब्रिन गाडीच्या काचेतून दोघींकडे बघतेय. ती जवळ गेली. काच खाली झाली.

"तो माझ्यावर रागावला होता का?" ब्रिनने विचारलं.

"नाही गं. तो मोठा झाला, एवढंच."

"मी चुकीचं काही केलं?"

"तू काही केलं नाहीस," ओर्फा म्हणाली. "ज्यांनी केलं ते सगळे तुझ्यापेक्षा मोठे आहेत." यात आपले टॉवेलही आले, हे तिच्या मनात आलं.

तिने पिंजरा आपल्या पिकअप ट्रकमध्ये ठेवला, पण कोठाराकडे नेला नाही. ट्रक थेट डॉयलच्या अंगणात नेऊन उभा केला आणि हॉर्नवर हात दाबून धरला. डॉयल पाठ धरत बाहेर आला.

"बस आत."

"कुठे?"

"तुझा माल परत आलाय."

त्याने पिंजऱ्यात पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. जनेलने त्याला सकाळीच फोन केला होता, त्याला सगळं माहीत होतं. "ओर्फी, माझी पाठ..."

"पाठ घेऊन बस."

वाटभर पिंजऱ्यातून बिस्किटची लांबलचक किरकिर चालू होती, तान्ह्या मुलासारखी.

गावातली जनावरांची डॉक्टर तरुण होती, हॅकमन आडनावाची. तिलाही हे काम नको होतं, ते दिसत होतं. ती म्हणाली, "आधी गुंगीचं इंजेक्शन देते. पण तो आत्ता कोणालाही हात लावू देणार नाही. ओळखीचं कोणी धरलं तर बरं."

"हा धरेल," ओर्फा म्हणाली.

"मी नाही," डॉयल म्हणाला.

"तू धरशील. त्या पोरीच्या हातात तू दिलास, आता तूच धर."

डॉयलने जाड हातमोजे घातले. पिंजरा उघडला तेव्हा ओर्फाला वाटलं, आता हा त्याचंही तोंड फाडणार. तसं झालं नाही. बिस्किटने डॉयलचा शर्ट हुंगला, मग त्याच्या छातीवर चढून शर्टच्या खिशात हात घातला आणि आत चाचपत राहिला. डॉयल लहान पिल्लांसाठी त्या खिशात शेंगदाणे ठेवायचा. आज तिथे काही नव्हतं. डॉक्टरने सुई टोचली तेव्हाही हात खिशातच होता.

"याचं नाव बिस्किट नव्हतं," डॉयल म्हणाला. "माझ्याकडे होता तेव्हा सार्जंट होता."

ओर्फा भिंतीला टेकून उभी होती. भावाला असं उभं करून बघितल्यावर आपल्याला जरा हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही. उलट राग आणखी चढला, आणि आता तो नुसत्या डॉयलवर नव्हता. तो त्या गाड्या घेऊन येणाऱ्यांवर होता, दुपट्यातली चित्रं बघून लाडावणाऱ्यांवर होता आणि थोडा त्या मेलेल्या बापावरही होता, ज्याने कोटाच्या खिशातून पहिलं पिल्लू घरात आणलं.

तपासणीत काही निघालं नाही. बिस्किट निरोगी होता. ब्रिनच्या रेबीजच्या सुया टळल्या.

त्यानंतर डॉयल महिनाभर तोंड लपवून राहिला. फोन उचलायचा नाही, चर्चला यायचा नाही. ओर्फाने मनात धरलं, की आता पिंजरे मोडेल. तिने स्वतःहून त्याच्या पोर्चवर मक्याचा पाव ठेवायला पुन्हा सुरुवात केली.

मग उन्हाळ्यात जत्रा आली. तळलेल्या मासळीच्या रांगेत उभी असताना ओर्फाला समोरच्या मंडपात डॉयल दिसला. टेबलावर जाळीची खोकी, खोक्यांत पिल्लं, पोरांची झुंबड आणि मागे नवा कोरा फलक:

टॉलिव्हर रॅकून. सहा पिढ्यांचे पाळीव. प्रयोगशाळेत तपासलेले, रोगमुक्त.

तिने तो वाचला. पुन्हा वाचला. मग हातातली कागदी थाळी शेजारच्या माणसाच्या हातात दिली आणि मंडपाकडे चालायला लागली. पोरं आपोआप बाजूला झाली, काहींनी तिच्या बसमधून प्रवास केला होता. टेबलापाशी जाऊन तिने पिल्लांचं एकेक खोकं उचललं आणि हळूच खाली, सावलीत ठेवलं. शेवटचं खोकं ठेवून झाल्यावर तिने टेबलाच्या कडेला दोन्ही हात घातले आणि ते उलथवलं. बाटल्या, दुपटी, कागद, सगळं गवतात गेलं.

"ओर्फी! डोकं फिरलंय का तुझं?"

"कोणाची तपासणी झाली रे? बोल ना! सांग या लोकांना कसली तपासणी करतात ती!" तिने फलक ओढून काढला. "डोकं कापून करतात! ज्याचं डोकं कापलं त्याच्या नावावर तू ही विकतोयस? तुझ्या खिशात हात होता त्याचा, डॉयल!"

"मी खोटं काय लिहिलं? निघालं नाही काही! निघालं का?"

"पोरीच्या गालाचं लिही की मग! ते पण खरंच आहे!"

तिने फलक गुडघ्यावर मोडायचा प्रयत्न केला, तो मोडला नाही, तेव्हा ती त्यावर उभी राहिली. लोक हसायला लागले. डॉयल मात्र हसला नाही आणि तीही नाही. एका बाईने आपल्या मुलाचा हात धरून विचारलं, "कोणत्या पोरीच्या गालाचं?" आणि ओर्फाने भर मंडपात सगळं सांगितलं.

जत्रेत वन्यजीव खात्याचा माणूस होता, रस्टी बोहानन. एवढा गोंधळ झाल्यावर त्यालाही काणाडोळा करता येईना. तो डॉयलच्या घरी जाऊन आला. रॅकून पाळायचा परवाना नसलेल्या कितीतरी लोकांना डॉयलने पिल्लं दिली होती, जनेलकडेही परवाना नव्हता. डॉयलचा परवाना गेला. पिल्लं अजून लहान होती. पलीकडच्या जिल्ह्यात पोरक्या जनावरांना वाढवून रानात सोडणारी एक संस्था होती, ती त्यांना घेऊन गेली. प्रश्न उरला मोठ्यांचा.

"सोडून द्या की रानात," डॉयल मलूल आवाजात म्हणाला.

"माणसाच्या हातचं खाल्लेले आहेत ते," रस्टी म्हणाला. "पहिल्या दिसेल त्या पोर्चवर जाऊन उभे राहतील आणि गोळी खातील. कोणी सांभाळणारं मिळालं तर ठीक. नाही मिळालं तर..." त्याने ओर्फाकडे बघितलं.

"माझ्याकडे बघू नकोस, रस्टी."

रस्टीने नजर खाली केली. पिंजऱ्यांतून ते सगळे जाळीबाहेर हात काढून बसले होते, दुपारच्या खाण्याची वेळ झाली होती.

"मी सांगते ना, बघू नकोस म्हणून!" ओर्फा ओरडली. मग ती ट्रकमध्ये जाऊन बसली आणि दार आपटलं. बऱ्याच वेळाने तिने काच खाली केली. "एकालाही पिल्लं होता कामा नयेत. हॅकमनला सांग, सगळ्यांचं ऑपरेशन करायचं. आणि खर्चाचं याला विचार, मला नाही."

ओर्फाच्या जुन्या तंबाखूच्या कोठारात आता मोठाले पिंजरे आहेत, आत लाकडी ओंडके, पाण्याची टाकी. ती रोज ते साफ करते आणि रोज शिव्या देते. कोणी कौतुकाने म्हटलं, "किती माया आहे हो तुम्हाला," तर ती त्या माणसावरच उखडते. "माया कसली? ही कैद आहे. मी तुरुंगवाली आहे. यांचा काही गुन्हा नाही आणि सोडता येत नाही, म्हणून यांच्यापाशी बसलेय." जनेल तिच्याशी अजून बोलत नाही, दुकानात समोर आली तर पलीकडच्या रांगेला वळते. ब्रिनच्या गालावरची रेघ फिकट झालीय, पण हसली की दिसते.

डॉयल रविवारी येतो, माशांची मुंडकी घेऊन. पाठीमुळे त्याला वाकता येत नाही, म्हणून तो नळी धरतो आणि ओर्फा घासते. परवा तो तसाच नळी धरून उभा होता, तो जाडा नर जाळीतून त्याचं बोट चाचपत होता.

"हा बघ किती गरीब आहे," डॉयल म्हणाला. "याच्यावरून पुढे गेलो असतो, आणखी दहाएक पिढ्या मिळाल्या असत्या, तर झालं असतं, ओर्फी. खरंच झालं असतं."

ओर्फाने हातातला ब्रश बादलीत फेकला. पाणी त्याच्या पॅंटवर उडालं.

"दहा पिढ्या! आणि त्या मधल्या नऊ पिढ्यांतले कोणाच्या घरी जाणार होते रे? तुझ्या?"

डॉयलने बोट काढून घेतलं.

"पाणी सोड," ती म्हणाली. "अजून मागची रांग राहिलीय."

त्याने नळ सोडला.